बैल पाहून घेतो, गाडी ऐकून घेतो

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात कापसाच्या वजनकाट्यावर आणि पीकविम्यावर बोलणे झाले. आता मला दिलेला विषय ऐकून मागच्या रांगेतले काहीजण हसले. जिल्हा बैठकीत मोटारसायकलवर भाषण कशाला, असे त्यांना वाटले असेल. मी एकच विचारतो. बाहेर बाभळीखाली साठ-सत्तर गाड्या उभ्या आहेत. त्यातल्या शोरूममधून नव्या घेतलेल्या किती? हात वर करा. बरोबर, बोटांवर मोजण्याइतके. आता जुन्या घेतलेल्यांना विचारतो, आरसी स्वतःच्या नावावर आहे असे किती? बघा, हे हात त्याहूनही कमी आहेत. म्हणजे विषय चुकलेला नाही.

गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. फवारणीचा पंप तिच्यावर जातो, युरियाचे पोते तिच्यावर येते, दुधाच्या कॅन जातात, रात्री बाई अडली तर तालुक्याला तिच्यावरच न्यावी लागते. एसटी दिवसातून दोनदा येते आणि पावसाळ्यात एकदाच. नवी गाडी रस्त्यावर यायला ऐंशी-नव्वद हजार ते लाख लागतात. कोरडवाहू शेतातून एवढे पैसे एका वेळी निघत नाहीत, म्हणून आपण जुनी घेतो. त्यात कमीपणा काहीच नाही. जुनी गाडी चांगली मिळाली तर दहा वर्षे चालते. पण ती घेतो केव्हा? कापूस विकल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, खिशात पैसे खुळखुळत असताना आणि पोरगा मागे लागलेला असताना. विकणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

बैलबाजारात आपण असे वागत नाही. बैल घ्यायचा तर तोंड उघडून दात पाहतो, दोनदाती आहे की जुळलेला आहे ते पाहतो. खूर पाहतो, खांद्यावर हात फिरवतो, चालवून पाहतो, गाडीला जुंपून पाहतो. सोबत गावातला एक जाणता माणूस नेतो. मग रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. आणि मोटारसायकल घेताना? टाकी चमकते का ते पाहतो, ॲव्हरेज किती देते ते विचारतो आणि विकणारा जे सांगेल ते ऐकून घेतो. बैलाला तोंड आहे पण तो खोटे बोलत नाही. गाडीला तोंड नाही, आणि तिच्या वतीने विकणारा बोलतो.

हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाही. मी स्वतः फसलेला माणूस आहे. २००८ साल होते. नोकरी सोडून संघटनेच्या कामाला लागलो होतो, गावे फिरायला गाडी हवी होती. तालुक्याच्या एका विक्रेत्याकडे, नाव सांगत नाही, पाच वर्षे वापरलेली शंभर सीसीची गाडी अठरा हजारांत घेतली. तो म्हणाला, "लय चांगली गाडी हाये भाऊ, डॉक्टरची होती, दवाखाना ते घर, घर ते दवाखाना." मी गेलो तेव्हा गाडी चालूच होती. मला वाटले, माझ्यासाठी तयार ठेवली, केवढा भला माणूस. तीन आठवड्यांत निळा धूर सुरू झाला आणि इंजिनाच्या कामात साडेपाच हजार गेले. तेवढ्यावर भागले असते तर मी आज बोललोही नसतो. सात महिन्यांनी आठवडी बाजारात दोन माणसे आली, त्यांनी कागद दाखवला आणि गाडी घेऊन गेली. आधीच्या मालकाने फायनान्सचे हप्ते थकवले होते. माझ्याकडे आरसीची झेरॉक्स होती, तीही एकाच बाजूची. कर्जाची नोंद दुसऱ्या बाजूला होती. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल, लॉट नंबर, उगवणशक्तीची टक्केवारी वाचून घ्या म्हणून गावोगाव शेतकऱ्यांना सांगत फिरणारा. आणि मी तो कागद उलटून पाहिला नाही.

म्हणून आज दोन गोष्टी बोलणार आहे. आधी यंत्राबद्दल आणि मग कागदाबद्दल. यंत्रातली चूक हजारांत भरून निघते. कागदातली चूक वावरापर्यंत येऊ शकते. कशी, ते पुढे सांगतो.

थंड इंजिन

गाडी पाहायला सकाळी जा. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्याबरोबर इंजिनावर हात ठेवा. गरम लागले तर समजायचे की काहीतरी झाकायचे आहे. "आत्ताच दूध घालून आलो" असे तो म्हणेल. खरेही असेल. त्याला म्हणा, काही हरकत नाही, चहा घेऊ, तास-दीड तास बसू. घाई आपल्याला नसावी.

इंजिन थंड असतानाच चावी बंद ठेवून किक हाताने दाबा. हाताला चांगला दाब लागला पाहिजे. पोकळ गेली तर कॉम्प्रेशन उतरले आहे. मग तेलाची काडी काढा. तेल काळे असले तरी एक वेळ चालेल, नुसते बदलायचे राहिले असेल. पण दुधाच्या चहासारखे दिसले तर इंजिनात पाणी गेले आहे. नाल्याच्या पुरात बुडालेल्या गाड्या पुसून विकल्या जातात. अशी गाडी सोडून द्या. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. कोरडी काजळी लागली तर ठीक, ओले तेलकट काळे लागले तर इंजिन तेल पीत आहे.

आता चालू करा आणि मागे उभे राहा. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ दिसेल, ती दोन मिनिटांत जाते, तिला घाबरू नका. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळते आहे. कार्बोरेटर किंवा एअर फिल्टर, लहान काम. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास आला तर दोन प्रकार असतात. चालू करताना एक झोत आला आणि थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील. पण रेस वाढवली की धूर वाढतो आणि थांबत नाही, तर पिस्टन-रिंग आणि बोअर गेले. तेवढे पैसे किमतीतून कमी करा नाहीतर घरी या. जुन्या राजदूत आणि आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्या होत्या, पेट्रोलमध्येच तेल जळायचे, म्हणून त्या धूर द्यायच्याच. अजूनही हौसेने कोणी आरएक्स घेत असेल तर त्याला ही परीक्षा लागू नाही. हौसेला तशी कोणतीच परीक्षा लागू नसते.

इंजिनाचा आवाज ऐका. वरून बारीक टकटक येत असेल तर टॅपेट जुळवायचे आहेत, मिस्त्री अर्ध्या तासात करतो. खालून, पोटातून, मुसळ घातल्यासारखा ठोका येत असेल तर क्रँकचे काम आहे. त्या ठोक्याचा सौदा करू नका.

गाडी कशी राबली

आपल्या भागातली गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा कशी राबली ते महत्त्वाचे आहे. मीटरवर विश्वास ठेवू नका. मीटरची केबल काढून ठेवता येते, आकडा मागे फिरवता येतो. मीटर अठरा हजार दाखवतो आणि फुटरेस्टचे रबर गुळगुळीत झाले आहे, गिअरच्या दांडीवरचे रबर फाटले आहे, किकचे दात उडाले आहेत, तर रबर खरे आणि मीटर खोटा. टायरच्या बाजूला एक चार आकडी नंबर असतो, उदाहरणार्थ २३१९. म्हणजे तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०२१ ची, मीटर बारा हजार, आणि टायर २०२४ चे असतील तर विचारा की बारा हजारांत पहिले टायर कसे काय संपले?

मग गाडी मधल्या स्टँडवर घ्या. मागचे चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट लागली तर एकतर चाकाचे बेअरिंग गेले किंवा स्विंगआर्मचे बुश. दुधाच्या कॅन वाहणाऱ्या गाडीचे हे पहिल्यांदा जाते. स्पोकवर पान्याने एकेक टिचकी मारा. ताणलेला स्पोक टणटणतो, ढिला भद्द वाजतो. चाक फिरवून पाहा, रिम लचकत असेल तर ती खड्ड्यात आपटलेली आहे. चेन मागच्या चक्करवरून चिमटीत धरून मागे ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर चेन-चक्कर संपले. चक्करचे दात विळ्यासारखे वाकलेले दिसले तरी तेच. हा सगळा सेट हजार-दीड हजारांत बदलता येतो. यासाठी चांगली गाडी सोडू नका, पण किंमत मात्र पाडा.

पुढचे चाक कोणाला तरी उचलून धरायला सांगा आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखे अडले तर कोन सेट गेला. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ दिसतो का पाहा. दोन-चार वेळा दाबून सोडा, तेल असेल तर नळी ओली होईल.

आणि चेसिस. तिफणीच्या काकरी सरळ आहेत की नाही हे तुम्ही बांधावरून पाहूनच सांगता. तीच नजर इथे लावा. हँडल सरळ धरून गाडीच्या मागे दहा-बारा फुटांवर बसा आणि दोन्ही चाके एका रेषेत आहेत का पाहा. शंका आली तर दोरी लावा. हँडलच्या खालच्या भागात आणि सीट काढून मागच्या दांड्यावर वेल्डिंगच्या खुणा पाहा. नव्या रंगाचा एखादाच पट्टा दिसला तर नखाने खरवडा. ब्रेकच्या लिव्हरचे टोक घासलेले, फुटरेस्टचा दांडा वाकलेला, सायलेन्सर एका बाजूने खरचटलेला, या पडल्याच्या खुणा आहेत. गाडी पडली म्हणून वाईट होत नाही, आपण सगळेच पडलो आहोत. पण चेसिस वाकलेली गाडी हातात घेऊ नका. खडीच्या रस्त्यावर मागे बायको आणि पुढे टाकीवर लेकरू बसवून तुम्ही ती चालवणार आहात.

चालवून पाहताना मागे वजनदार माणूस बसवा. एकट्याने गावात फेरी मारून काहीच कळत नाही. चढावर न्या. वरच्या गिअरमध्ये वेग कमी असताना एकदम रेस द्या. इंजिन ओरडते आणि गाडी पळत नाही, तर क्लच प्लेटा घसरतात. गिअर आपोआप निसटतो का पाहा. मोकळ्या रस्त्यावर हँडल हलके धरून पाहा, एका बाजूला ओढते का. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा. हॉर्न, लाइट, सेल्फ हे दोन मिनिटांचे काम आहे. टाकीत टॉर्च मारून आतला गंज पाहायला विसरू नका. बाहेरून रंगवलेली टाकी आतून सडलेली असते.

एक नवी गोष्ट तरुण पोरांसाठी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्यात कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले, सेन्सर आले. चावी फिरवली की मीटरवर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाली की विझला पाहिजे. चालू गाडीत तो पेटलेलाच असेल तर बिघाड आहे. आणि चावी फिरवूनही लागतच नसेल तर कोणीतरी तो काढून टाकला आहे, हे त्याहून वाईट. अशी गाडी घेण्याआधी आपल्या जवळच्या मिस्त्रीकडे बिघाड वाचायचे यंत्र आहे का, हेही विचारा. नाहीतर प्रत्येक वेळी गाडी टेम्पोत घालून जिल्ह्याला न्यावी लागेल.

हे सगळे लक्षात राहणार नसेल तर ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. दोन-तीनशे रुपये हजेरी द्या. मात्र विकणाऱ्याने सुचवलेला मिस्त्री नको.

कागद

आता कागदांकडे येतो. मायबहिणींनी इथे जास्त लक्ष द्यावे. कारण गाडी पुरुष आणतो आणि तो गेल्यावर कागद बाईला शोधावे लागतात.

मूळ आरसी हातात घ्या, दोन्ही बाजू वाचा. समोर बसलेला माणूस आणि आरसीवरचे नाव एकच आहे का? नसेल तर तो मालक नाही, मग तो कितीही गोड बोलो. "माझ्या साळ्याची हाये, फोन लावून देतो" हे चालणार नाही. साळ्याला बोलवा. मालक वारलेला असेल तर वारसाच्या नावावर गाडी आधी झाली पाहिजे, त्यासाठी फॉर्म ३१ असतो. त्यानंतर वारस विकू शकतो.

आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर हप्ते बाकी आहेत असेच धरून चाला. "सगळे हप्ते भरले, फक्त नाव काढायचे राहिले" असे म्हणाला तर त्याला कंपनीचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आणायला सांगा. नाव आरसीवरून निघाल्याशिवाय पैसे देऊ नका. माझे अठरा हजार याच एका वाक्यात गेले.

मग नंबर जुळवा. चेसिस नंबर बहुतेक गाड्यांत हँडलच्या खाली चेसिसच्या मानेवर ठोकलेला असतो, इंजिन नंबर इंजिनाच्या खालच्या भागावर. चिखल-ग्रीस पुसा, वर पांढरा कागद ठेवा आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासा. आकडे कागदावर उमटतात. आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहा. आकडे वाकडेतिकडे, कमी-जास्त खोल, किंवा आजूबाजूला कानस फिरल्यासारखे गुळगुळीत असतील तर तिथून उठा. चोरीची गाडी सापडली तर गाडीही जाते, पैसेही जातात आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या तुम्हाला चढाव्या लागतात.

आता मोबाइलमध्ये सरकारचे एम-परिवहन ॲप आहे. गाडीचा नंबर टाकला की नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, कर्ज आहे का, हे दिसते. पोरांना पाच मिनिटे लागतात. थकलेली ई-चलानेही तपासा, दुसऱ्याने सिग्नल तोडल्याचा दंड आपण का भरायचा? गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी आरटीओला दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली तर ती का स्वस्त आहे ते यावरून समजून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लावली आहे का तेही पाहा, नसेल तर तो खर्च आणि तो खेटा तुमच्याकडे येतो.

यवतमाळच्या दक्षिणेकडच्या, पाटणबोरी-पांढरकवडा भागातल्या भावांना वेगळे सांगतो. आदिलाबादकडून तेलंगणच्या नंबरच्या गाड्या स्वस्त मिळतात. तिथल्या कार्यालयाचे फॉर्म २८ वरचे ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय ती गाडी इथे नावावर होत नाही, आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. हे धरून हिशेब केला तर बहुतेक वेळा स्वस्ताई पैनगंगा ओलांडेपर्यंतच टिकते.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. पहिला विकणाऱ्याची सूचना, दुसरा दोघांचा अर्ज. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ठेवली म्हणजे गाडी आपली झाली, असे आपल्याकडे समजतात. ती सही म्हणजे नुसता कागद आहे. विक्रेत्याकडून घेत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून नियम असा आहे की जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने आरटीओची अधिकृत मान्यता घ्यायची आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी वर द्यायची. त्याचे प्रमाणपत्र मागा. मागितल्यावर तो रागावला तर उत्तर मिळाले.

विकणाऱ्यानेही ऐकावे

आपल्यातच गाडी विकणारेही बसले आहेत. त्यांना वाटते, पैसे हातात आले, आपण सुटलो. आपल्या एका कार्यकर्त्याने गाडी ओळखीच्या पोराला दिली. पोराने ती पुढे विकली, त्याने आणखी पुढे. नाव कोणीच बदलले नाही. विमा केव्हाच संपला होता. तिसऱ्याच्या हातून अपघात झाला आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली आपल्या कार्यकर्त्याला, ज्याने ती गाडी तीन वर्षांत डोळ्यांनी पाहिली नव्हती. वकिलाला दिलेले पैसे गाडीच्या किमतीच्या वर गेले आहेत आणि तारखा अजून चालू आहेत.

हे त्याचे एकट्याचे नशीब नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच हातोहात विकलेल्या एका मोटारीच्या प्रकरणात निकाल दिला. कायद्याच्या नजरेत मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कोणाकोणाच्या हातून गेली हे शोधत फिरायचे का, हा न्यायालयाचा विचार होता आणि मला तो बरोबर वाटतो. मेला तोही कोणाचा तरी कर्ता माणूस असतो. पण विमा नसलेल्या गाडीची लाखांतली भरपाई नोंदणीवरच्या मालकाला भरावी लागली तर तो कुठून आणणार? आपल्याकडे वावराशिवाय विकायला दुसरे काय असते? वावरापर्यंत येते म्हणालो ते हे.

आता घेणाऱ्याची बाजू. विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तेवढा हप्ता भरून घेतला असेल तर. तो मिळतो कोणाला? ज्याच्या नावावर गाडी आहे, ज्याच्या नावावर विमा आहे आणि ज्याच्याकडे वाहन चालवण्याचा परवाना आहे अशा मालकाला. तुम्ही तीन वर्षे गाडी चालवली, हप्ता तुम्हीच भरला, पण आरसी आणि पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर. रात्री ओलिताहून येताना उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर आदळलात, तर घरी पंधरा लाखांतला एक रुपया येत नाही. जुना मालक जिवंत आहे आणि तुम्ही त्या कागदावर नाहीत. म्हणून आरसी नावावर झाली की विमा कंपनीला लगेच कळवून पॉलिसीही नावावर करून घ्यायची. कायद्यात त्यासाठी १४ दिवस दिले आहेत.

एक शेतकरीभाऊ मघाशी चहाच्या वेळी म्हणाला, "सायेब, आरटीओत जायचं म्हंजे दोन दिवसाची मजुरी अन् एजंटाचे पैसे, काहून करावं?" त्याचा प्रश्न खोटा नाही. आता बराचसा अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येतो, पण त्रास संपला आहे असे मी म्हणणार नाही. मी त्याला एवढेच विचारले की एजंटाला किती लागतात, आणि त्याच दुपारी सौद्यात तू ऐटीत किती सोडलेस?

पैसे कसे द्यायचे ते सांगतो आणि थांबतो. सगळे एका हाती देऊ नका. गाडी पटली की थोडा इसार, बाकीच्यातला मोठा भाग दोघांच्या सह्यांचा अर्ज दाखल होऊन पावती हातात आल्यावर, आणि काही हजार आरसी तुमच्या नावाची होऊन येईपर्यंत हातात ठेवा. हे सगळे एका कागदावर लिहा: गाडीचा नंबर, चेसिस नंबर, किंमत, तारीख आणि ताबा दिल्याची वेळ, किती वाजता तेसुद्धा. दोन साक्षीदारांच्या सह्या. त्या वेळेआधीचे चलान त्याचे, नंतरचे तुमचे. जमेल तेवढी रक्कम बँकेतून द्या म्हणजे पुरावा राहतो. विकणारा सरळ असेल तर त्याचीही यात सुटका आहे, हे त्याला समजावून सांगा. जो ऐकणार नाही त्याची गाडी नको. कापूस येतो तशा गाड्याही बाजारात दरवर्षी येतात.

जेवण झाल्यावर बाभळीखाली दोन गाड्या मधल्या स्टँडवर घेऊन ठेवल्या आहेत. एकीचे चक्कर संपलेले आहे आणि दुसरीचा कोन सेट गेला आहे. कोणत्या गाडीचे काय ते मी सांगणार नाही, तुम्ही हात लावून ओळखा. आपला मिस्त्रीभाऊ तिथे बसलेला आहे. ज्यांच्या खिशात दुसऱ्याच्या नावाची आरसी आहे त्यांनी ती घेऊन टेबलाशी यावे, फॉर्म २९ आणि ३० चे गठ्ठे आणलेले आहेत. आणि ज्यांनी गाडी विकली पण नाव अजून आपलेच आहे, त्यांनी रांगेत सगळ्यात पुढे उभे राहावे.